सॅम्युएल चेस आणि सॅल्मन चेस : महाभियोग कोणावर, अध्यक्षस्थानी कोण?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निकालात नुसते ‘चेस’ दिसले, की आधी साल पाहावे. १७९६ ते १८११ असेल तर ते सॅम्युएल. डिसेंबर १८६४ ते १८७३ असेल तर सॅल्मन. दोघेही वकिलीतून कायदेमंडळात आणि तिथून न्यायासनावर गेलेले. पण खरा घोळ होतो तो महाभियोगाशी दोघांचाही संबंध आल्यामुळे.

महाभियोग चालला तो मेरीलँडच्या सॅम्युएल यांच्यावर. १८०३ मध्ये बाल्टिमोरच्या ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा का, हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ) त्यांनी सत्ताधाऱ्यांच्या धोरणांवर कडक टीका केली, आणि ती भोवली. आठ आरोप ठेवले गेले. सिनेटमध्ये ३४ सदस्य होते. दोषी ठरवायला दोन तृतीयांश, म्हणजे २३ मते हवी होती. सर्वांत जास्त, १९ मते पडली ती याच भाषणाच्या आरोपावर. १ मार्च १८०५ रोजी ते सुटले आणि मरेपर्यंत न्यायमूर्ती राहिले. राजकीय मते पटली नाहीत म्हणून न्यायाधीशाला घरी पाठवता येत नाही, हा पायंडा इथे पक्का झाला. सॅम्युएल यांच्या चरित्रात ‘मुख्य न्यायाधीश’ असे आढळते ते मेरीलँडच्या जनरल कोर्टाचे. देशाचे सरन्यायाधीश ते कधीच नव्हते.

सरन्यायाधीश होते ते ओहायोचे सॅल्मन. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या खटल्यात अध्यक्षस्थानी तेच होते. ५४ पैकी ३६ मते हवी होती, ३५ पडली. मग सॅम्युएल यांच्या खटल्यात त्या खुर्चीवर उपराष्ट्राध्यक्ष एरन बर कसे? एरवी सिनेटचे अध्यक्षस्थान उपराष्ट्राध्यक्षांकडेच असते. पण आरोपी राष्ट्राध्यक्ष असेल, तर राज्यघटनेनुसार तिथे सरन्यायाधीश बसतात. कारण राष्ट्राध्यक्ष गेले, तर पद उपराष्ट्राध्यक्षांनाच मिळणार.

सॅल्मन यांची कारकीर्द जास्त गुंतागुंतीची. सिनसिनाटीत पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवले, मग सिनेटर, गव्हर्नर, लिंकन यांचे अर्थमंत्री. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये निघालेल्या एक डॉलरच्या ‘ग्रीनबॅक’ नोटेवर त्यांचेच चित्र होते. १८७० मध्ये सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच निकाल दिला, की नोटा स्वीकारणे बंधनकारक करणाऱ्या कायद्याआधीचे कर्ज या नोटांनी फेडून घेण्याची सक्ती घटनाबाह्य आहे. १८७१ मध्ये न्यायालयाने तो निकाल फिरवला. सॅल्मन यांनी भिन्नमत नोंदवले.