आठ कोर, २.३ गिगाहर्ट्झ, तरीही टॅब अडकतो

स्वस्त टॅबच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: कोर (चिपमधले काम करणारे गडी) किती आणि गिगाहर्ट्झ (सेकंदाला किती अब्ज ठोके) किती. टॅब चालेल कसा, हे त्यांवरून जवळजवळ काहीच कळत नाही. मीडियाटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या दोन चिप शेजारी ठेवून पाहा. हेलिओ पी२२टीमध्ये आठ कोर, कमाल वेग २.३ गिगाहर्ट्झ. हेलिओ जी८५मध्येही कोर आठच, कमाल वेग २.०. दोन्ही १२ नॅनोमीटरच्या, म्हणजे सारख्याच बारीक घडणीच्या. कागदावर पहिली सरस. वापरायला घेतली की दुसरी सहज पुढे जाते.

फरक कोरच्या जातीत आहे. पी२२टीचे आठही कोर कॉर्टेक्स-ए५३. हा कोर आज्ञा ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने उरकतो. हवी ती माहिती कॅशमध्ये, म्हणजे कोरजवळच्या छोट्या जलद साठ्यात, नसेल तर ती रॅममधून यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे २ गिगाहर्ट्झवर सुमारे २०० ठोके फुकट. तेवढा वेळ हा गडी दूध तापायची वाट बघत गॅसपाशी उभा. जी८५मधले दोन कॉर्टेक्स-ए७५ कोर तेवढ्यात भाजी चिरून घेतात: पुढच्या रांगेतल्या ज्या आज्ञा अडलेल्या नाहीत, त्या आधी उरकतात. या हुशारीसाठी लागणारी सर्किटे चिपवर जागा खातात आणि वीजही. म्हणून असे कोर दोनच, उरलेले सहा काटकसरी ए५५. लहान-मोठे कोर एकत्र नांदवण्याची ही रचना आर्म कंपनीने २०११ मध्ये ‘बिग-लिटल’ नावाने आणली.

आठ जण मिळून काम वाटून का घेत नाहीत? वेबपान मांडण्याचे मुख्य काम बरेचसे एकामागून एक असेच करावे लागते. एक कोर घाम गाळतो, सात बघत बसतात. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात काम झाले नाही की बोटाखाली पान धक्के खात सरकते. १२८०×८०० च्या स्क्रीनऐवजी १९२०×१२०० ची आली की रंगवायचे ठिपके सव्वादोन पट होतात. दुबळ्या चिपला भारी स्क्रीन जोडलेला टॅब दुकानात छान दिसतो, घरी रडवतो.

मग सगळे कोर जोरात का पळवत नाहीत? चिपची वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढले तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते. समजा, एक कोर १.० व्होल्टवर २.० गिगाहर्ट्झने चालतो आणि ०.७५ व्होल्टवर १.२ ने. वेग ०.६ पट, व्होल्टेजचा वर्ग ०.५६ पट; गुणाकार ०.३४. वेग चाळीस टक्क्यांनी उतरला, वीज एक तृतीयांशावर आली. तेच काम संपायला १.६७ पट वेळ लागतो, तरी एकूण ऊर्जा ५६ टक्केच खर्च होते. मात्र कोर रेंगाळत असताना रॅम आणि इतर भागही जागे राहतात. म्हणून छोटे काम असेल तर झटक्यात उरकून सगळ्यांनी झोपी जाणे कधीकधी स्वस्त पडते. कधी काय करायचे, हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टीम सेकंदात अनेकदा घेते.

टॅब हँग झाला की दोष प्रोसेसरला दिला जातो. बऱ्याचदा खरा गुन्हेगार स्टोरेज, म्हणजे अॅप आणि फाइली साठवण्याची जागा, असतो. स्वस्त टॅबमधल्या ईएमएमसी ५.१ या प्रकारच्या स्टोरेजची वाट एका वेळी एकाच दिशेने चालते, वाचन किंवा लेखन. यूएफएस या महागड्या प्रकारात दोन्ही एकदम. पंधरा दिवस बंद असलेला टॅब वायफायला जोडला की डझनभर अॅप अपडेट व्हायला लागतात, लेखन चालू राहते आणि साधी सेटिंग्ज उघडायलाही वेळ लागतो. अशा वेळी ‘रीस्टार्ट’ करत बसू नका, चार्जरला लावून अर्धा तास सोडून द्या. गुगलच्या २०१२ च्या नेक्सस ७ या टॅबबद्दल वापरानंतर मंदावल्याच्या तक्रारी होत्या, प्रोसेसर तोच असूनही. अँड्रॉइड ४.३ ने रिकाम्या झालेल्या जागेची खबर स्टोरेजला आपोआप द्यायला सुरुवात केली, तेव्हा फरक पडला. ‘व्हर्च्युअल रॅम’च्या जाहिरातीला तर भुलूच नये: ती याच संथ स्टोरेजमधून कापलेली जागा असते. कमी रॅमवर अँड्रॉइड मेमरी दाबून ठेवते, आणि ती दाबण्या-उलगडण्याचे कामही पुन्हा त्याच दुबळ्या कोरवर पडते.

विकत घेण्याआधी कोरची नावे पाहा: किमान दोन ए७५ किंवा ए७६ हवेत. हेलिओ जी९९ मध्ये ए७६ आहेत, चिपही ६ नॅनोमीटरची. हातातल्या टॅबमध्ये काय आहे ते सीपीयू-झेड हे फुकट अॅप दाखवते.

उष्णतेचा हिशेब मात्र कुठल्याच खोक्यावर नसतो. टॅबला पंखा नाही. उष्णता पाठीतून हवेत जाते, आणि किती जाईल ते पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाठ ४२ अंश आणि खोली २५ असेल तर फरक १७. चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली ४० वर गेली की फरक उरतो २. चिपला वेग उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. आयपॅडसाठी अॅपलने सांगितलेली मर्यादाच मुळी ० ते ३५ अंश आहे. त्या दिवसांत जाड रबरी कव्हर काढा, ब्राइटनेस उतरवा, चार्जिंग चालू असताना गेम नको, आणि टॅब गादीवर न ठेवता फरशीवर ठेवा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका; बाहेर काढल्यावर आत दव धरते.