चक्रीय चराई

चक्रीय चराई : कुरणाचे कुंपण घालून कप्पे पाडणे, कळप एका वेळी एकाच कप्प्यात थोडे दिवस चारणे आणि तेवढ्या काळात बाकीच्या कप्प्यांतील गवत वाढू देणे, अशी ही पशुपालनाची पद्धत आहे. तिला फिरती चराई किंवा फेरचराई असेही म्हणतात. सगळे कुरण हंगामभर जनावरांना खुले ठेवले, तर ती सतत चराई. चक्रीय चराईचा गाभा गवताच्या विश्रांतीत आहे. नावामुळे मात्र लक्ष कळप फिरवण्याकडे जाते, आणि या पद्धतीविषयीचे बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात.

उगम : ऋतुमानानुसार कुरण बदलण्याची भटक्या पशुपालकांची चाल फार प्राचीन आहे. तिलाच या पद्धतीचे मूळ मानावे, असे काही अभ्यासक म्हणतात. परंतु अशा स्थलांतरात कळप मुख्यतः चाऱ्यापाण्याच्या मागे जातो. चरलेल्या गवताला किती दिवस मिळाले, हे त्यात गौण असते. मोरोक्कोतील ‘अगदाल’ व अरबस्तानातील ‘हिमा’ या प्रथांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे ठरावीक कुरणे सामूहिक निर्णयाने काही काळ बंद ठेवली जात, म्हणजे विश्रांतीची कल्पना त्यांत स्पष्ट दिसते. लेखी व हिशेबी मांडणीचे श्रेय सामान्यतः जेम्स अँडरसन (1739–1808) या स्कॉटिश शेतीतज्ज्ञाला दिले जाते, आणि ते सयुक्तिक वाटते. त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात कुरणाचे 15 ते 20 भाग करून गुरे क्रमाने चारावीत, असे सुचवले होते. अमेरिकेत आर्थर सॅम्पसन यांनी ओरेगन राज्यातील डोंगराळ कुरणांवर काम करून, बी धरेपर्यंत एखादा भाग राखून ठेवण्याची पद्धत 1913 मध्ये मांडली. जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास होहेनहाइम येथे कप्पे आणि भरपूर नत्रखत यांची सांगड घालण्यात आली. हे सगळे धागे एकत्र आणून सिद्धांत उभा केला तो फ्रान्समधील आंद्रे व्हॉइझँ (1903–1964) यांनी. ते नॉर्मंडीत स्वतः गुरे पाळत, आणि त्यांचा गवताच्या उत्पादकतेवरील ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला.

गवताची बाजू : राय गवत या थंड हवेतील चाऱ्याच्या गवताचा एक फुटवा हातात घेऊन पाहिला, तर त्यावर बहुधा तीनच जिवंत पाने दिसतात. चौथे पान बाहेर येऊ लागले की सर्वांत खालचे पिवळे पडते, म्हणजे त्यानंतर राखलेले गवत वाया जाऊ लागते. चराईनंतरचे पहिले पान बुडख्यात साठवलेल्या शर्करेवर फुटते. ही शिदोरी पुन्हा भरायला निदान दोन पाने पूर्ण उमलावी लागतात. त्याआधीच जनावराने तोंड लावले, तर फुटवा उपाशीपोटी दुसरे पान काढू पाहतो आणि मुळे आखडतात. अमेरिकेत 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रायडर यांच्या प्रयोगांत, एकाच कापणीत बहुतेक पाला काढलेल्या गवतांच्या मुळांची वाढ 6 ते 18 दिवस थांबली होती. निम्म्याहून कमी पाला काढला तेव्हा ती सहसा थांबली नाही. ‘निम्मे खा, निम्मे राखा’ या सल्ल्याला आधार आहे तो असा. मात्र तो सर्व गवतांना सारखा लागू पडत नाही. जमिनीसरपट वाढणारी गवते खोल चराई सोसतात, उंच झुपकेदार गवते सोसत नाहीत.

व्हॉइझँ यांच्या नियमांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. गवताला पुरेशी विश्रांती मिळावी, हा पहिला. कप्प्यातील मुक्काम इतका आखूड असावा, की पहिल्या दिवशी चरलेले गवत फुटून त्याच मुक्कामात पुन्हा खाल्ले जाऊ नये, हा दुसरा. वायव्य युरोपात मे-जूनमध्ये सरासरी 18 दिवस आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 36 दिवस विश्रांती, असा त्यांचा अंदाज होता. गवत पंचांग पाहून वाढत नाही, हे या दोन आकड्यांतूनच कळते. वाढ मंदावली की कप्प्यात चारा कमी भरतो, पशुपालक कळप लवकर पुढे हलवतो, फेरी लवकर संपते, आणि पहिल्या कप्प्यात परत यावे तर तिथले गवत आणखी आखूड असते. प्रत्येक फेरीगणिक विश्रांती कमी होत जाऊन महिन्या-दोन महिन्यांत सगळे कुरण बसते. वाढ मंद असताना फेरी लांबवणे हाच त्यावरचा उपाय. त्यासाठी जनावरे कमी करावी लागतात किंवा राखून ठेवलेला सुका चारा बाहेर काढावा लागतो.

हिशेब : विश्रांतीच्या दिवसांना मुक्कामाच्या दिवसांनी भागून एक मिळवला, की कप्प्यांची संख्या येते. 28 दिवस विश्रांती आणि 2 दिवस मुक्काम असेल, तर 15 कप्पे. प्रत्येकी 400 किलोच्या 30 गाई रोज वजनाच्या 3 टक्के शुष्क चारा (पाण्याचा अंश वगळून मोजलेला चारा) खातात असे धरले, तर दोन दिवसांना 720 किलो लागतात. हेक्टरी 2,800 किलो शुष्क चारा उभा असताना कळप आत सोडला आणि 1,500 किलो शिल्लक असताना बाहेर काढला, तर 1,300 किलो हाती येतात. म्हणजे कप्पा सुमारे 0.55 हेक्टरचा आणि कुरण सव्वाआठ हेक्टरचे. कागदावरचा हा आकडा दर आठवड्याला बांधावरून फिरून, गवताची उंची पाहून दुरुस्त करावा लागतो. विजेच्या हलक्या तारेमुळे कप्पे पाडणे स्वस्त झाले. पाणी प्रत्येक कप्प्यात पोचवणे हेच बहुधा जास्त खर्चाचे काम असते.

नफ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते ती हेक्टरी जनावरांची संख्या. जोन्स व सँडलँड यांनी 1974 मध्ये दाखवले, की संख्या वाढेल तशी दर जनावरामागील वजनवाढ जवळजवळ सरळ रेषेत घटते. दर हेक्टरी वाढ आधी चढते आणि मग उतरते. प्रत्येक जनावराचा स्वतःचा खर्च असल्याने, सर्वाधिक नफ्याची संख्या सर्वाधिक उत्पादनाच्या संख्येहून कमीच असते. कुरण खचते ते बहुतेक वेळा या दोन संख्यांमधल्या मोहामुळे.

मतभेद : झिंबाब्वेचे अ‍ॅलन सेव्हरी यांनी 1960 च्या दशकापासून असा दावा मांडला, की दाट कळप थोडा वेळ चारून पुढे नेल्यास कोरडी कुरणे सुधारतात आणि जनावरांची संख्याही वाढवता येते. ब्रिस्क व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये माळरानांवरील प्रयोगांचा आढावा घेतला. त्यात गवताच्या उत्पादनाबाबत 23 पैकी 20 आणि दर जनावरामागील उत्पादनाबाबत 38 पैकी 35 प्रयोगांत सतत चराई चक्रीय चराईइतकीच किंवा तिच्याहून सरस ठरली. प्रयोगांतील फेऱ्या ठरावीक दिवसांच्या होत्या, खऱ्या शेतावरचे लवचीक निर्णय त्यांत उतरलेच नाहीत, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. तरीही जनावरांची संख्या वाढवण्याच्या दाव्याला पुरेसा आधार दिसत नाही. भरपूर ओलाव्याच्या लागवडी कुरणांत फायदा अधिक स्पष्ट आढळतो, कारण तेथे फेर बदलला की लगेच नवी फूट मिळते.

इतर बाबी : द्विदल वनस्पतींचे मिश्रण हवेतील नत्र मिळवून देते, मात्र भुकेल्या गुरांना क्लोव्हर या द्विदल चाऱ्यावर तो ओला असताना एकदम सोडल्यास पोटफुगी होते, म्हणून आधी सुका चारा देतात. शेणाभोवतालचे गवत गुरे टाळतात, मेंढ्या ते बऱ्याच अंशी खातात. त्यामुळे दोन्ही कळप पाठोपाठ चारणे उपयोगी पडते. गुरांचे आणि मेंढ्यांचे जंत बहुतांशी वेगळे असल्याने संसर्गही घटतो. विश्रांतीच्या काळात जंतांच्या अळ्या काही प्रमाणात मरतात, परंतु उष्ण-दमट हवेत त्या लवकर मरतात आणि थंड हवेत महिनोन्‌महिने टिकतात. गवतासाठी योग्य असलेली विश्रांती जंतांसाठी पुरेशी असेलच असे नाही.