उतारवयातला वजनाचा व्यायाम: जोर, स्नायू आणि हार्मोन्स

वजनाचा व्यायाम म्हणजे स्नायूंना जोर लावायला भाग पाडणारा व्यायाम, मग डंबेल असो, रबरी पट्टा असो नाहीतर स्वतःच्याच अंगाचं वजन. यात इंटेन्सिटी मोजतात ती अशी, की जे वजन जेमतेम एकदाच उचलता येतं त्याच्या किती टक्के आपण उचलतोय. ७०-८० टक्के म्हणजे जड, आठ-दहा वेळा उचललं की पुढचं उचलवत नाही.

सोलापुरात सकाळी सिद्धेश्वर तलावाकडं फिरायला जाणारे ज्येष्ठ भरपूर आहेत, आणि चालणं हृदयाला चांगलंच, पण स्नायूंचं तेवढ्यानं भागत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद त्याच्याहीपेक्षा लवकर जाते कारण झटक्यात जोर लावणारे स्नायूतले तंतू आधी बारीक होतात. याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नाव १९८९ साली अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवलं. आयुष्यभर खाली बसून विड्या वळलेली आजी उठताना आधी एक हात गुडघ्यावर ठेवते, दुसरा भिंतीला, मग दोन हिसक्यांत उभी राहते, आणि घरचे म्हणतात गुडघे गेले. गुडघ्याइतकीच मांडीही गेलेली असते, तिच्याकडं कुणी बघत नाही.

म्हाताऱ्यांनी हलकंच करावं हा समज फार घट्ट बसलाय. १९९० मध्ये अमेरिकेत बोस्टनला डॉक्टर मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांकडून ८ आठवडे ८० टक्के वजनाचा पायाचा व्यायाम करून घेतला, ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत! हलक्या वजनानं पार दमेपर्यंत केलं तर स्नायूचा आकार जवळपास तेवढाच वाढतो, पण ताकद हवी असेल तर जडच लागतं.

व्यायामानं हार्मोन्स वाढतात म्हणून स्नायू वाढतो, हे मात्र लोक उगाच मोठं करून सांगतात. जोरदार सेटनंतर, म्हणजे न थांबता सलग उचलल्यावर, ग्रोथ हार्मोन, टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स वाढतात खरी, पण तासाभरात परत खाली येतात, आणि वय वाढलं की ही उसळीही छोटी होते. तरी स्नायू वाढतो, कारण ताण थेट स्नायूच्या पेशीलाच प्रोटीन बांधायला लावतो. इन्सुलिनचा, म्हणजे साखर पेशीत घ्यायला लावणाऱ्या हार्मोनचा, फायदा मात्र खरा आहे, काम केलेला स्नायू रक्तातली साखर जास्त ओढतो, म्हणून शुगरवाल्यांनी हा व्यायाम सोडू नये.

बांधायला माल पण लागतो, रोज अंगाच्या वजनाच्या किलोमागं १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर एवढं भरत नाही, सोबत मटकी, डाळ, दही, अंडी हवीत. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, लागोपाठ नाही. श्वास कोंडायचा नाही, बीपी चढतं. सुरुवात खुर्चीतून हात न टेकता उठण्यानं करायची, दहादा सहज जमलं की छातीशी दोन किलो ज्वारीची पिशवी धरून, मग तीन किलोची.