गाडीत संसार थाटण्याआधी: कॅम्पिंगच्या गाडीचे नियम, अर्ज आणि कागदपत्रं

चूल, पलंग, पाणी, फ्रिज, सोलर सगळं गाडीतच घेऊन कोकण किनाऱ्याने वेळास ते शिरोडा आठ-दहा दिवस फिरायचं असेल, तर गॅरेज गाठण्याआधी आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) आणि गाडीसोबत आलेलं कंपनीचं माहितीपुस्तक समोर घेऊन बसा. काम दोन प्रकारचं असतं. बोल्ट काढले की घरी उतरवून ठेवता येतं ते सामान, आणि गाडीच्या मूळ रचनेत केलेला फेरफार. पहिल्यासाठी आरटीओत अर्ज लागत नाही. दुसऱ्यात पैसे अडकतात.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनाशी होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. कलम 182अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून छत कापून उंच करणं, चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) लांबवणं, मोठं इंजिन बसवणं हे विषय सोडून द्या. मागची सीट कायमची काढली तर आरसीवरची आसनसंख्या जुळत नाही. सीट दुमडा आणि वर फळी टाका. बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) कारवाई करण्याची सूचना केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना दिली आहे.

कायमस्वरूपी घरगाडीच हवी असेल तर तिची वाट नव्या गाडीपासून सुरू होते. अशा घरगाडीसाठी, म्हणजे मोटर कॅराव्हॅनसाठी, एआयएस-124 हे वाहन उद्योगाचं मानक आहे. मंजुरी बांधणाऱ्याने घ्यायची असते, पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून. नोंदणीला फॉर्म 20 (अर्ज), फॉर्म 21 (विक्री प्रमाणपत्र), विमा, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, आणि कर भरल्याची पावती लागते. चॅसिस घेऊन वर बॉडी बांधली असेल तर फॉर्म 22अ: पहिला भाग चॅसिस कंपनीचा, दुसरा बॉडी बांधणाऱ्याचा. हा दुसरा भाग हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. गाडी तयार आणि पासिंग अडलेलं, ही गत इथेच होते. कर्ज असेल तर फॉर्म 20 वर बँकेची सही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वर्गात येते. आरटीओ म्हणाल तर रायगडकरांना पेण (एमएच-06) किंवा पनवेल (एमएच-46), रत्नागिरीला एमएच-08, सिंधुदुर्गाला एमएच-07. भाड्याने द्यायची असेल तर प्रकरण वेगळं, परमिटपासून सगळं आलं.

आता वजन. हा हिशेब कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच फसतात. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. समजा 500 किलो उरले. चार माणसं 280, पाणी 60 लिटर म्हणजे 60 किलो, भरलेला फ्रिज 40, प्लायचे ड्रॉवर 60, छतावरचा तंबू 60, बॅटरी 12, जॅक-हत्यारं 30. झाले 542! दोघंच असाल तर 402, निभावतं. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घालाच. छतावरच्या वजनाची मर्यादा पुस्तकात वेगळी दिलेली असते आणि ती चालत्या गाडीसाठी असते.

विजेचं गणित सोपं आहे. 40 लिटरचा 12 व्होल्ट कॉम्प्रेसर फ्रिज मे महिन्यात दिवसाला 35-40 अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं माप) खातो, दिवे आणि पंखा 15. स्वच्छ उन्हात 200 वॉटचं पॅनेल साधारण 50 परत देतं. पावसाळ्यात त्यावर विसंबू नका. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी दोन रात्री काढते. चालत्या गाडीतून ही बॅटरी भरायची तर बीएस-6 गाड्यांच्या अल्टरनेटरचा (इंजिनवर वीज बनवणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज खालीवर होत असल्याने साध्या रिलेऐवजी (स्विचऐवजी) व्होल्टेज स्थिर ठेवणारा डीसी-डीसी चार्जर घ्या, आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच. खाऱ्या हवेत उघडी तांब्याची वायर हिरवी पडते. कलई केलेली वापरा. कंपनीच्या वायरिंगला चिरा देऊन जोडणी केलीत तर वॉरंटीवर पाणी सोडा. बसवलेल्या सामानाची बिलं जोडून विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या, नाहीतर अपघातानंतर सर्व्हेअर पहिलं बोट त्यावरच ठेवतो.

गॅसला 5 किलोचा छोटा सिलिंडर पुरतो, तो ओळखपत्रावर मिळतो. उभा ठेवून पट्ट्याने बांधा आणि झोपताना रेग्युलेटर बंद करा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, म्हणून हवेचं भोक खालीच हवं. कॅनमध्ये पेट्रोल नेण्याचा विचार असेल तर परवान्याशिवाय 30 लिटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि झोपायच्या जागेत तर एक लिटरही नको.

मुक्कामासाठी ग्रामपंचायतीला विचारा. खासगी वाडीत मालकाची लेखी संमती घ्या. पुळणीवर गाडी घालू नका. अनेक किनाऱ्यांवर तशी बंदी असते. वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूतच असतात आणि हे कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. शिवाय भरतीच्या वेळी ओल्या वाळूत रुतलेली दोन टनांची गाडी काढायला ट्रॅक्टर लागतो.