दगडाचं वय दगडाला विचारू नका

फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मेसेजमध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘या शिळेचं कार्बन डेटिंग केलं आणि ती इतक्या हजार वर्षांपूर्वीची निघाली.’ असं होऊच शकत नाही. कार्बन डेटिंग होतं ते एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूचं. लाकूड, लाकडी कोळसा, हाड, कापड यांचं होईल, ग्रॅनाइटचं नाही. आणि खडकाचं वय दुसऱ्या पद्धतीनं काढलं तरी तो माणसानं कधी उभा केला, हे त्यातून कळत नाहीच.

मग उभ्या शिळांचा काळ ठरवायचा कसा? इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये डार्टमूर नावाचं पठार आहे. तिथला ग्रॅनाइट सुमारे 28 कोटी वर्षांचा. त्यावर सत्तरहून अधिक ठिकाणी दगडांच्या रांगा आहेत, शिवाय गोल घरांचे पाये आणि दगडी पेट्यांची थडगी. टॅव्हिस्टॉकहून प्रिन्सटाउनला जाताना मेरिव्हेलच्या रांगा रस्त्यालगतच लागतात: जवळजवळ समांतर अशा दोन दुहेरी रांगा आणि त्यांच्या मधून वाहणारा पाण्याचा पाट. स्टोनहेंजच्या उंच शिळा डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल, कारण बरेचसे दगड गुडघ्यालाही लागत नाहीत. पण या पठारावरचं खरं नवल दगडांत नाही, पीटमध्ये आहे.

उंचावर पाऊस भरपूर, निचरा कमी. अशा जागी स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते वरून वाढत राहतं आणि खालून मरत जातं. मेलेला भाग पाण्यात बुडालेला असल्यामुळे तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही. त्यातच हे शेवाळ पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम ओढून घेतं आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतं, म्हणजे भोवतालचं पाणी आम्लधर्मी करून टाकतं. कुजवणारे जिवाणू तिथे थंडावतात. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर वर्षानुवर्षं साचत जातात, तेच पीट. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी.

आता कार्बन डेटिंगच्या घड्याळाकडे येऊ. वातावरणाच्या वरच्या थरात विश्वकिरणांमुळे निघालेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळून कार्बन-14 हा किरणोत्सर्गी कार्बन तयार होतो. कार्बन डायऑक्साइडमधून तो वनस्पतीत जातो. वनस्पती मेली की नवा पुरवठा बंद. आतला साठा दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबीनं 1949 मध्ये ही पद्धत मांडली आणि 1960 चं नोबेल मिळवलं. हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण मात्र सदैव सारखं नव्हतं, म्हणून मिळालेलं वय झाडांच्या वार्षिक कड्यांवरून बेतलेल्या आलेखाशी ताडून दुरुस्त करावं लागतं. शिवाय वर वाढणाऱ्या हीदरच्या झुडपांची मुळं खालच्या थरात ताजा कार्बन नेतात. साडेपाच हजार वर्षं जुन्या नमुन्यात फक्त एक टक्का आजचा कार्बन मिसळला, तरी तो सुमारे 80 वर्षांनी तरुण दिसतो. म्हणून नमुन्यातली मुळं आधी वेचून काढावी लागतात.

डार्टमूरच्याच कट हिल या टेकडीवरची रांग याच पद्धतीनं उलगडली. तिथले दगड आडवे पडून पीटखाली गाडले गेले होते. दगडाखालचं पीट दगडापेक्षा आधीचं, दगडावरचं नंतरचं. दोन्हींचं वय काढलं की दगड कधी आडवा झाला तो काळ मधे सापडतो. उत्तर आलं इसवी सनापूर्वीचं चौथं सहस्रक. या रांगा कांस्ययुगाच्या आसपासच्या, हा जुना अंदाज निदान इथे तरी पार मागे सरकला.

पीटनं इथल्याच व्हाइटहॉर्स हिल या टेकडीवर तर कमाल केली. एरवी डार्टमूरच्या आम्ल मातीत हाडांमधलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून जातं आणि थडगी रिकामी सापडतात. 2011 मध्ये इथली दगडी पेटी उघडली, तेव्हा अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली जळकी हाडं, वेताच्या करंडीसारखी विणलेली टोपली, दोनशेहून जास्त मणी, खाजकुयलीसारखी आग करणाऱ्या नेटल झुडपाच्या धाग्यांचा पट्टा आणि कानात घालायच्या लाकडी कुड्या निघाल्या. साडेतीन हजार वर्षांहून जुन्या कुड्या, कातून गुळगुळीत केलेल्या!

एवढं हाती असताना काही जण तिथे ‘ऊर्जारेषा’ शोधत फिरतात. आल्फ्रेड वॉटकिन्स या हौशी इंग्रज संशोधकानं 1921 मध्ये ‘ले लाइन’ची, म्हणजे प्राचीन जागा जोडणाऱ्या सरळ रेषांची, कल्पना मांडली, तेव्हा त्याच्या मते त्या जुन्या पायवाटा होत्या. ऊर्जा त्यात नंतरच्यांनी घातली. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांशीही अशी गूढ नाती जोडली जातात, पण ती वर्तुळं लोहयुगातली, म्हणजे खूप नंतरची आहेत. दिसायला सारखं म्हणून नातं सिद्ध होत नाही.

व्हाइटहॉर्स हिलची पेटी उघडावी लागली, कारण भोवतीचं पीट झिजत चाललं होतं. पीट सुकलं की ऑक्सिजन आत शिरतो आणि कुजणं पुन्हा सुरू होतं. म्हणून आता डार्टमूरवर जुने चर बुजवून पाणी अडवण्याचं काम चालू आहे. जाणार असाल तर ओल्या पीटवरून नवी वाट पाडू नका. आणि उत्तरेकडच्या भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव असतो, त्याचं वेळापत्रक आधी पाहून घ्या.