पोषण संशोधनात आधी काय? प्राधान्यक्रम ठरवण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

पोषण संशोधनाचा पैसा कुठे लावायचा, हे बराच काळ मूठभर तज्ज्ञांच्या खात्रीवर ठरायचं. ती खात्री चुकली तर केवढं नुकसान होतं, ते प्रथिनांच्या बाबतीत दिसलं. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, मुलांच्या क्वाशिओरकर या अंगावर सूज आणणाऱ्या कुपोषणाच्या आजाराचं वर्णन केलं. पुढे जगभरच्या कुपोषणाचं मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात आहे असं मानलं गेलं. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत प्रथिन सल्लागार गट बसला. माशांचं पीठ, तेलबियांची पेंड, सूक्ष्मजीवांपासूनची प्रथिनं यांवर वर्षानुवर्षं काम झालं. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन आणि संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे या भारतीय अभ्यासकांनी वेगळी गोष्ट मांडली: मुलाला रोजचंच जेवण पोटभर मिळालं, तर बहुतेक ठिकाणी प्रथिनं पुरतात, ऊर्जा कमी पडली की शरीर खाल्लेली प्रथिनंही जाळून टाकतं. १९७४ मध्ये पोषणतज्ज्ञ डोनाल्ड मॅकलारेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये या साऱ्या प्रकरणावर कडाडून टीका केली. चूक होणं समजू शकतं, पण ती लवकर पकडणारी व्यवस्थाच नव्हती, हे जास्त गंभीर.

१९९० मध्ये आरोग्य संशोधनावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने दाखवलं, की टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा ९३ टक्के भार विकसनशील देशांवर आहे आणि त्यांच्या प्रश्नांवर जगाच्या आरोग्य संशोधनातला जेमतेम ५ टक्के पैसा जातो. या असमतोलावर काम करणाऱ्या मंडळींमधूनच ‘सीएचएनआरआय’ (चाइल्ड हेल्थ अँड न्यूट्रिशन रिसर्च इनिशिएटिव्ह) ही संशोधनाचे प्राधान्यक्रम ठरवण्याची पद्धत आली. इगोर रूडान आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास ती मांडली.

तिची रीत अशी. आधी संदर्भ बांधून घ्यायचा: कोणता वयोगट, कोणता प्रदेश, किती वर्षांत निकाल हवा. मग तज्ज्ञांकडून प्रश्न मागवायचे आणि एकसारखे प्रश्न एकत्र करायचे. प्रत्येक प्रश्न साधारण पाच कसोट्यांवर तपासतात: उत्तर मिळण्याजोगं आहे का, उपाय परिणामकारक ठरेल का, लोकांपर्यंत पोचेल का, आजाराचा भार कितपत कमी होईल, आणि वंचितांना लाभ होईल का. होकाराला १, नकाराला ०, द्विधा मत असेल तर ०.५. माहीतच नसेल तर रकाना कोरा. मग गुणांच्या सरासरीवरून प्रश्नांची क्रमवार यादी बनते.

कोऱ्या रकान्यातच सर्वाधिक गफलत होते. पाच जणांनी १, १, ०.५, ० आणि कोरा असं दिलं, तर बेरीज चारने भागून ६२.५ टक्के येतात. कोऱ्याचं शून्य केलं की ५०. असं झालं तर कमी परिचयाचे विषय फुकट मागे पडतात. दुसरी अडचण प्रश्नांच्या आकाराची. मोघम प्रश्नाला सगळेच होकार देतात, त्यामुळे तो वर चढतो. मूलभूत शोधाचा प्रश्न मात्र ‘उत्तर मिळेल का’ इथेच गुण गमावतो. म्हणून वर्णन (समस्या केवढी आहे), वितरण (असलेला उपाय पोचवणं), सुधारणा (असलेला उपाय सुधारणं) आणि नवा शोध अशा चार प्रकारच्या प्रश्नांच्या याद्या वेगळ्याही वाचाव्यात.

यादी जुनीही होते. टांझानियातल्या पेंबा बेटावरच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले: मलेरियाचा जोर असलेल्या त्या भागात लहान मुलांना सरसकट रोज लोह आणि फॉलिक आम्ल दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले. तोवर विचारलं जायचं, लोह किती मुलांपर्यंत पोचतं. त्यानंतर आधी विचारावं लागलं, कोणत्या मुलाला, कुठे आणि मलेरियाचा बंदोबस्त केल्यावर किती.