टार्टन कुळाचं की कामाचं? थोडी पार्श्वभूमी

टार्टन म्हटलं की आपल्याला एकच सांगितलेलं असतं, स्कॉटलंडमधल्या प्रत्येक कुळाचं, म्हणजे क्लॅनचं, आपापलं चौकड्यांचं कापड असतं आणि ते बापाकडून मुलाकडे येतं. मग पोलिसांचं टार्टन, वैमानिकांचं टार्टन असं काही ऐकलं की वाटतं ही हल्लीची मार्केटिंगवाल्यांची आयडिया असणार. मला हे अजिबात पटत नाही. कामावरून ओळखलं जाणारं टार्टन कुळाच्या ठरलेल्या टार्टनपेक्षा जुनं आहे आणि त्याची कागदोपत्री नोंदसुद्धा आहे.

सुरुवात सैनिकांपासून करू. १७२५ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या जनरल वेडने स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ भागात पहाऱ्यासाठी तिथल्याच लोकांच्या तुकड्या उभ्या केल्या, १७३९ मध्ये त्यांची रेजिमेंट झाली, तीच पुढे ब्लॅक वॉच म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांचं कापड गडद निळं, काळं आणि हिरवं, त्याला नावच मुळी 'गव्हर्नमेंट टार्टन' पडलं. त्यात माणूस कॅम्पबेल कुळाचा आहे की ग्रँट कुळाचा याचा संबंध नाही, सरकारी पहाऱ्यावर आहे एवढंच.

मग १७४६ ला कलोडनची लढाई झाली, सरकारविरुद्धचं हायलँडवाल्यांचं बंड मोडलं, आणि लंडनच्या सरकारने कायदाच केला की स्कॉटलंडमधल्या पुरुषांनी आणि मुलांनी हायलँडचा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार रवानगी. सूट कोणाला, तर सैन्यात असलेल्यांना. हा कायदा १७८२ पर्यंत होता. म्हणजे बघा, साधारण पस्तीस वर्षं तिथल्या पुरुषाला किल्ट घालायचा हक्क कुळाने मिळत नव्हता, नोकरीने मिळत होता. ही गोष्ट टार्टनच्या इतिहासात सगळ्यात आधी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं, पण ती नेहमी तळटीपेत जाते.

आणि कुळांची टार्टन? १८१५ मध्ये हायलँड सोसायटी ऑफ लंडनने कुळप्रमुखांना पत्रं पाठवून आपापल्या टार्टनचे नमुने मागवले, त्यानंतर १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टन घालून यायला सांगितलं आणि बॅनकबर्नच्या विल्सन या विणकरांच्या मागांना उसंत मिळेना, तेव्हा कुठे 'अमुक कुळ म्हणजे अमुक चौकडा' हे पक्कं व्हायला लागलं.

सैन्यातला एक धागा आपल्याकडेही येतो. १७९३ मध्ये मॅकेन्झी सरदाराने ७८ वी हायलँडर्स ही पलटण उभी केली, तिचं टार्टन म्हणजे तेच सरकारी निळं-काळं-हिरवं, फक्त वर पांढऱ्या आणि लाल रेघा टाकलेल्या. हीच ७८ वी २३ सप्टेंबर १८०३ ला असईला, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यात, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत शिंदे-भोसल्यांच्या समोर उभी होती. आज तो चौकडा 'मॅकेन्झी कुळाचा' म्हणून विकला जातो, पण मुळात तो पलटणीचा.

आता मेंढपाळ. माझ्याकडे काळ्या-पांढऱ्या बारीक चौकड्यांची एक लोकरी शाल आहे, शेफर्ड चेक म्हणतात ती. भिंग घेऊन बघितलं तर उभे काळे धागे जिथे आडव्या काळ्यांना भेटतात तिथे ठार काळा चौकोन, पांढऱ्याला पांढरा भेटला की पांढरा, आणि काळं-पांढरं भेटलं की तिरप्या रेघारेघांचा करडा चौकोन, कारण वीण तिरपी, दोन धागे वर दोन खाली. रंग असा लावायलाच लागत नाही, काळ्या मेंढीची लोकर आणि पांढऱ्या मेंढीची लोकर, बस. आपल्या धनगरी घोंगडीचा काळा रंग जसा मेंढीचाच असतो ना, तसंच. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरचे मेंढपाळ हे पांघरायचे. याच जातीचा एक तुकडा १९३३ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कला सापडला, रोमन नाण्यांनी भरलेल्या मडक्याच्या तोंडाशी बोळा म्हणून कोंबलेला, तिसऱ्या शतकातला.

१९ व्या शतकात मोठमोठ्या शिकारीच्या इस्टेटी झाल्या तेव्हा मालकांनी रानाची राखण करणाऱ्या, शिकाऱ्यांना वाट दाखवणाऱ्या नोकरांसाठी याच मेंढपाळी चौकड्यात फेरफार करून कापडं करून घेतली. ग्लेनफेशीत त्यावर लाल रेघ आली. ग्लेन अर्कर्टला सीफिल्डच्या काउंटेसने घेतलेला चौकडा तर आपल्याकडच्या सूटिंगच्या दुकानातही मिळतो, ग्लेन चेक किंवा प्रिन्स ऑफ वेल्स चेक म्हणून, आणि तो मुळात डोंगरात हिंडणाऱ्या नोकरांचा ड्रेस होता हे मापं घेणाऱ्यालाही माहीत नसतं. पाद्र्यांचं म्हणून एक निळं-काळं टार्टनही १९ व्या शतकातल्या टार्टनच्या पुस्तकांत आहे.

पोलिसांचं ते 'सिलिटो टार्टन', १९३२ चं. ग्लासगोचे चीफ कॉन्स्टेबल पर्सी सिलिटो यांनी पोलिसांच्या टोप्यांना काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पट्टी लावली, हायलँड पलटणींच्या टोप्यांवरून घेतलेली. खरं तर हे टार्टन नाहीच, पण नाव चिकटलं आणि पट्टी ऑस्ट्रेलियापर्यंत गेली.

वैमानिकांचं मात्र अस्सल. १९४२, युद्ध चालू, रॉयल कॅनेडियन एअर फोर्सच्या एल्मर फुलर्टन यांनी रंगीत पेन्सिलींनी चौकडा काढला, आकाशी, गडद निळा आणि मरून, आणि न्यू ब्रन्सविकमधल्या गेजटाउनच्या लूमक्रॉफ्टर्स या विणकरांनी तो मागावर चढवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एडिंबराला लॉर्ड लायनच्या, म्हणजे स्कॉटलंडमध्ये राजचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, दप्तरी नोंदही झाली. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या होली लॉखच्या तळावरच्या अमेरिकन पाणबुडीवाल्यांसाठी 'पोलॅरिस' नावाचं टार्टन आलं.

आता हे सगळं एका ठिकाणी नोंदवता येतं. २००८ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा केला आणि ५ फेब्रुवारी २००९ ला सरकारी टार्टन रजिस्टर सुरू झालं. अर्जात चौकड्याचं चित्र लागतंच, पण खरी ओळख धाग्यांच्या हिशोबाची, कुठला रंग, किती धागे, मग पुढचा रंग, किती धागे, आणि कुठे पोचल्यावर उलटं फिरायचं. तो हिशोब वाचून कुठलाही विणकर ताणा लावू शकतो, मग ते कापड सरदाराचं असो की मेंढपाळाचं.